धबधबा चढणारा झिंगा धरणापाशी का अडतो?

पावसाळी जंगलातून उतरणाऱ्या एखाद्या नदीच्या काठी रात्री टॉर्च घेऊन बसा. धबधब्याच्या अगदी कडेला, जिथे पाणी धो धो कोसळत नाही, नुसतं कातळावरून झिरपत असतं, तिथे उजेड टाका. आधी काहीच दिसत नाही. मग ओल्या दगडावर काहीतरी हलतं. नखाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे जीव एकामागून एक वर सरकत असतात. पायांनी दगडाचा खरखरीतपणा धरायचा, दोन पावलं चढायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. मधल्या जोरकस धारेत कुणी शिरत नाही. सगळे कडेच्या ओलीनेच जातात. ही गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची पिल्लं. समुद्राच्या बाजूने आलेली, डोंगराकडे निघालेली.

जो जीव उभा धबधबा चढतो, त्याला धरण का चढता येऊ नये? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. धरणाने झिंग्यांचं काय होतं हे सांगताना ‘वाट अडली’ एवढं म्हणून विषय संपवला जातो. पण भिंतीची उंची हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा, आणि माझ्या मते जास्त घातक, भाग खाली उतरणाऱ्या वाटेवर घडतो. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

त्यासाठी आधी या प्राण्याचं आयुष्य नीट बघायला हवं.

गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या कितीतरी जाती आयुष्य दोन पाण्यांत वाटून जगतात. मोठे झिंगे नदीत राहतात, नदीतच वाढतात, नदीतच माद्यांच्या पोटाखाली अंडी येतात. मादी ही अंडी कुठे घालून मोकळी होत नाही. पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटवून ती त्यांना बरोबर घेऊन फिरते आणि पाय हलवत ठेवून त्यांना सतत ताजं पाणी देते. जंबो कोळंबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोझेनबर्गी झिंग्याची अंडी सुरुवातीला भडक नारिंगी असतात. साधारण तीन आठवड्यांत ती करडी होत जातात, आणि नीट पाहिलं तर आतल्या जिवाचे डोळे ठिपक्यांसारखे दिसायला लागतात. पूर्ण वाढलेली एक मादी एका खेपेला ८० हजार ते १ लाख अंडी वागवू शकते.

अंड्यातून बाहेर पडते ती जेमतेम २ मिलिमीटरची अळी. तिला चालता येत नाही, प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. ती उलटी, म्हणजे पोट वर आणि शेपटी पुढे करून, तरंगत राहते. आणि तिला गोडं पाणी मानवत नाही. नदीत जन्मलेली ही अळी नदीतच राहिली, तर थोड्याच दिवसांत मरते. वाढायला तिला खारं किंवा निमखारं पाणी लागतं.

माणसाला हे उमगायला बराच काळ लागला. झिंग्यांची पैदास टाक्यांमध्ये करू पाहणाऱ्यांच्या अळ्या काही केल्या जगत नव्हत्या. १९६१ मध्ये मलेशियातल्या पेनांगच्या संशोधन संस्थेत शाओ-वेन लिंग यांच्या लक्षात आलं, की अळ्यांना मीठ हवं आहे. आज जगभर रोझेनबर्गीचं बीज तयार करणाऱ्या उबवणी केंद्रांत अळ्या वाढवतात त्या पाण्यात दर लिटरला साधारण १२ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश खारटपणा. त्या पाण्यात अळी अकरा अवस्थांमधून जाते, प्रत्येक वेळी कात टाकते, आणि काही आठवड्यांनी तिचं छोट्या झिंग्यात रूपांतर होतं. आता ती सुलटी पोहते, तळावर चालते आणि पाण्याचा ओघ जिकडून येतो तिकडे तोंड करते. मग सुरू होते वरची वाट. धबधब्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात दिसली ती हीच पिल्लं.

म्हणजे प्रत्येक पिढीला नदी दोनदा पार करावी लागते. एकदा खाली आणि एकदा वर. सगळ्या जातींची उतरण्याची तऱ्हा मात्र एक नाही. रोझेनबर्गीची मादी अंडी घेऊन स्वतःच खाडीच्या दिशेने उतरते. डोंगरी ओढ्यांतले कितीतरी झिंगे जागा सोडत नाहीत. ते अंधार पडल्यावर अळ्या पाण्यात सोडून देतात आणि पुढचं काम प्रवाह करतो. रात्रीची वेळ का, हे उघड आहे. नजरेने शिकार करणाऱ्या माशांना अंधारात २ मिलिमीटरची पारदर्शक अळी सापडत नाही.

या प्रवासातली खरी अडचण वेळेची. अळी जन्माला येते ती शिदोरी म्हणून अंड्यातला थोडा पिवळा बलक घेऊन. तो संपायच्या आत तिला खारं पाणी गाठायचं असतं. वाहत्या नदीत हे जमतं, कारण नदी स्वतःच तिला वाहून नेते. किती लांब जायचं आहे आणि पाणी किती वेगाने वाहतं आहे, एवढंच तिचं गणित.

आता या नदीवर धरण बांधू.

आधी वर जाणाऱ्या पिल्लांचं बघू. धबधब्याच्या कडेला पाणी नेहमी झिरपत असतं, कातळ खडबडीत असतो, त्यावर शेवाळ असतं, पाय अडकवायला जागा असते. धरणाची भिंत गुळगुळीत काँक्रीटची असते आणि मुख्य म्हणजे बहुतेक काळ कोरडी असते. झिंग्याला उंचीची भीती नाही, कोरडेपणाची आहे. त्याचे कल्ले ओले आहेत तोवरच तो श्वास घेऊ शकतो. शिवाय पिल्लांना वाट दाखवतं ते वरून येणारं पाणी. सांडव्यावरून पाणी पडत नसेल, तर ‘इकडे या’ असं सांगणारं काहीच नसतं. पिल्लं भिंतीच्या पायथ्याशी जमतात, घुटमळतात, आणि तिथेच टपून बसलेल्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात.

हे प्रत्यक्षात किती टोकाला जातं, याचा सगळ्यांत बारकाईने अभ्यास झालाय कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर. डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या लहान नद्या, त्यांत समुद्राशी नातं असलेले झिंगे आणि मासे, आणि त्याच नद्यांवर बांधलेली धरणं, असं सगळं तिथे एकत्र सापडतं. या बेटावर नैसर्गिक मोठं तळं नाही. जे मोठे जलाशय दिसतात ते धरणांचेच. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या उंच धरणांवरून पाणी सांडतच नाही, त्यांच्या वरच्या ओढ्यांमधून समुद्रापर्यंत ये-जा करणारे सगळे मूळचे झिंगे आणि मासे नाहीसे झाले आहेत. ‘कमी झाले’ असं नव्हे, उरलेच नाहीत. ज्या धरणांवरून पाणी सांडत राहतं तिथे काही चढणारे वर पोचतात. मघाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. फरक पाडते ती भिंतीवरची ओल.

समजा, पिल्लू चढलंच. आता त्याच्यापुढे जलाशय आहे. नदीत ओघाकडे तोंड केलं की वाट सापडते. इथे ओघच नाही. चहूबाजूंना सारखंच संथ, खोल पाणी आणि त्यात बहुधा गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी सोडलेले परके शिकारी मासे. हे ओलांडून जी पोचतात, ती वरच्या ओढ्यांत वाढतात, मोठी होतात, आणि एक दिवस त्यांच्या अळ्या निघतात खाली.

इथून पुढचं कुणाला दिसत नाही.

ओढ्याच्या ओघाबरोबर आलेली अळी धरणाच्या फुगवट्यात शिरते आणि ओघ थांबतो. तिला नेणारं वाहनच बंद पडतं. जे अंतर वाहत्या नदीत एका रात्रीत कापलं गेलं असतं, ते आता कापलंच जात नाही. ती तळाकडे बुडते, बलक संपतो, पाणी गोडंच राहतं. धबधब्यात आणि धरणात दिसायला साम्य असलं, तरी खरा फरक इथे आहे. धबधब्याच्या मागे मैलोन् मैल पसरलेलं थांबलेलं पाणी नसतं. धबधबा वर जाणाऱ्याला दमवतो, पण खाली येणाऱ्याला अडवत नाही. धरण दोघांनाही अडवतं.

‘मग लहान बंधारे बरे, त्यांच्यामागे मोठा जलाशय नसतो,’ असं वाटणं साहजिक आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण प्वेर्तो रिकोतल्याच एस्पिरितू सांतो नदीवरच्या एका ठेंगण्या बंधाऱ्याने ही समजूत मोडली. बंधारा इतका बुटका, की पिल्लं तो ओलांडून जातात. पण तो बांधलाय पिण्याचं पाणी उचलण्यासाठी, आणि पाण्याबरोबर अळ्याही उचलल्या जातात. संशोधकांनी मोजून पाहिलं. अभ्यासाच्या काळात खाली वाहत आलेल्या नवजात अळ्यांपैकी सरासरी ४२ टक्के अळ्या पाणी खेचणाऱ्या तोंडातून आत ओढल्या जाऊन मेल्या. नदी आटलेली असताना, जेव्हा बंधाऱ्यावरून काहीच सांडत नाही आणि सगळं पाणी आत खेचलं जातं, तेव्हा हे प्रमाण थेट १०० टक्के. नदीच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी धरून दीर्घकाळाचा अंदाज बांधला, तर रोजचं सरासरी नुकसान ३४ ते ६२ टक्क्यांच्या दरम्यान निघालं. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आकड्यांनी मी अस्वस्थ होतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला भरपूर झिंगे दिसत असतात, नदी छान वाहत असते, कुठे मेलेलं काही तरंगत नाही. तरी पुढच्या पिढीचा मोठा हिस्सा रोज रात्री एका पाइपात नाहीसा होत असतो.

आणि हे नुकसान त्या एका नदीपुरतं राहत नाही. समुद्रात पोचलेल्या अळ्या आपल्याच नदीत परततात असं नाही. निरनिराळ्या नद्यांच्या अळ्या समुद्रात मिसळतात आणि जी नदी सापडेल तिच्या गोड्या पाण्याच्या मागाने वर जातात. म्हणजे समुद्र हा सगळ्या नद्यांचा सामाईक रांजण. एका नदीने त्यात भर घालणं बंद केलं, की शेजारच्या, जिच्यावर एकही धरण नाही अशा नदीच्या वाट्यालाही थोडी कमी पिल्लं येतात. याच गोष्टीची चांगली बाजूही आहे. अडलेली वाट पुन्हा मोकळी झाली, तर पिल्लं शेजारच्या नद्यांमुळे येऊ शकतात; मूळचे झिंगे शिल्लक असायलाच हवेत असं नाही.

झिंगे गेले तर नदीचं काय बिघडतं? हे कळायला झिंगा जेवतो कसा हे जवळून पाहायला हवं. अट्या नावाच्या गटातल्या झिंग्यांना पकडायला नांगी नसते. तिच्या जागी केसांचे कुंचले असतात. प्रवाह जोरात असेल, तर झिंगा दगडावर पाय रोवून उभा राहतो आणि हे कुंचले पंख्यांसारखे उघडून धरतो. वाहून येणारे कण त्यात अडकले, की पंखा मिटून तोंडाशी नेतो, पुसून खातो, पुन्हा उघडतो. प्रवाह संथ असेल, तर त्याच कुंचल्यांनी दगड झाडून काढतो. असे शेकडो झिंगे रात्रभर एका डोहात दगड झाडत असतात. दुसऱ्या जातीचे झिंगे पाण्यात पडलेली पानं कुरतडून बारीक करतात. लांब नांग्यांचे मोठे झिंगे शिकार करतात, मेलेलं खातात. डोह स्वच्छ राहतो तो या सगळ्यांच्या राबण्यामुळे.

प्वेर्तो रिकोत धरणांमुळे झिंगे नाहीसे झालेले डोह आणि झिंगे असलेले डोह यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. झिंगे नसलेल्या डोहांत तळावरचं शेवाळ ९ पट होतं, कुजणारा बारीक सेंद्रिय गाळ २० पट आणि मातीचा बारीक गाळ ६५ पट. लक्षात घ्या, हे डोह धरणाच्या वरच्या बाजूला, जलाशयाच्याही पलीकडे, वाहत्या ओढ्यांतले आहेत. तिथल्या पाण्याला धरणाने हातही लावलेला नाही. धरणाचा परिणाम म्हटलं की आपण खालच्या नदीकडे बघतो: पाणी कमी झालं का, गाळ अडला का. पण इथे परिणाम नदी चढून वर गेला, तोही न आलेल्या प्राण्यांच्या रूपाने.

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवरचं उदाहरण तर माणसाच्या तब्येतीपर्यंत पोचतं. नदीच्या मुखाजवळ दियामा इथे १९८६ मध्ये धरण पूर्ण झालं. समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये आणि शेतीला बारमाही गोडं पाणी मिळावं, हा हेतू. पण मुखाशीच आडवी भिंत म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची ताटातूटच. तिथल्या मोठ्या नदी-झिंग्याला, मॅक्रोब्रॅकियम व्होलेनहोवेनीला, अळ्यांसाठी निमखारं पाणी हवं; ते भिंतीपलीकडे राहिलं. त्यानंतर काही वर्षांतच रिशार-टोल शहराच्या परिसरात शिस्टोसोमियासिस या परजीवी रोगाची मोठी साथ उसळली. या परजीवीच्या आयुष्याचा एक टप्पा गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शरीरात जातो आणि तिथून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून तो आत शिरतो. बारमाही गोडं, संथ पाणी आणि कालव्यातलं गवत गोगलगायींना मानवलं, हे साथीचं मोठं कारण होतंच. पण या गोगलगायी आवडीने खाणारा झिंगाही तेव्हाच गायब झाला होता.

संशोधकांनी मग एका गावातल्या पाणवठ्यावर जाळी लावून आत झिंगे सोडले आणि दुसऱ्या गावाशी तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, झिंगे सोडलेल्या ठिकाणी संसर्ग झालेल्या गोगलगायी सरासरी ८० टक्क्यांनी कमी झाल्या आणि औषध घेतलेल्या गावकऱ्यांना पुन्हा होणाऱ्या संसर्गात परजीवीच्या अंड्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. झिंग्याला स्वतःला या परजीवीची बाधा होत नाही. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, पण औषधाच्या जोडीला एक भुकेला झिंगा किती काम करतो, हे त्या पाणवठ्यावर दिसलं.

सगळ्याच झिंग्यांचं धरणाने वाटोळं होतं असं मात्र नाही. काही जातींना समुद्र लागतच नाही. त्यांची अंडी संख्येने थोडी पण आकाराने मोठी असतात. आत शिदोरी जास्त, त्यामुळे अळीचे बरेचसे टप्पे अंड्यातच उरकतात आणि बाहेर येतं ते जवळपास तयार पिल्लू. अशा जाती जलाशयात मजेत राहतात. म्हणून ‘आमच्या धरणात झिंगे भरपूर आहेत’ हे वाक्य ऐकलं, की ते कोणते झिंगे हे आधी विचारावं लागतं.

उपाय काय? मोठ्या धरणांसाठी सोपं उत्तर नाही. भिंतीवर चढण्याची सोय केली, तरी मागचा फुगवटा जात नाही. माशांसाठी बांधलेल्या शिड्याही आपोआप उपयोगी पडत नाहीत, कारण त्या उडी मारणाऱ्या, जोरात पोहणाऱ्या माशांच्या मापाने आखलेल्या असतात. झिंग्याच्या पिल्लाला हवा असतो खडबडीत, तिरका उतार आणि त्यावरून सतत झिरपणारी पाण्याची पातळ चादर. खर्चाच्या मानाने ही किरकोळ गोष्ट आहे.

लहान बंधाऱ्यांच्या बाबतीत तर आशेला बरीच जागा आहे. अळ्या दिवसभर सारख्या वाहत नाहीत, अंधार पडल्यानंतरच्या काही तासांत त्यांचा लोंढा येतो. एस्पिरितू सांतोच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, की संध्याकाळनंतरचे हे तीन ते पाच तास उपसा थांबवला तर मरणाऱ्या अळ्यांचं प्रमाण खूप खाली येतं. त्याला बंधाऱ्यावरून नेहमी थोडं तरी पाणी सांडू देण्याची जोड हवी, म्हणजे वर येणाऱ्यांना वाटही राहते आणि खूणही. टाकी दिवसा भरायची आणि दिवेलागणीला पंप बंद ठेवायचा, एवढ्या वेळापत्रकाने जर पिढ्या वाचत असतील, तर ते न करण्याचं कारण मला सापडत नाही.

नदी अडली आहे की नाही, हे झिंग्यांकडे पाहून ओळखता येतं, पण त्यात एक फसगत होऊ शकते. डोंगरी ओढ्यांतले काही झिंगे दीर्घायुषी असतात. आठ-दहा वर्षं जगणाऱ्या जातीही आहेत. धरण झाल्यावर वर अडकलेले मोठे झिंगे लगेच मरत नाहीत. ते खातात, दगड झाडतात, माद्या अंडी धरतात, रात्री अळ्या सोडतात. त्यामुळे पहिली काही वर्षं सगळं ठीक चाललंय असंच वाटतं. म्हणून झिंगे किती आहेत हे मोजण्याआधी ते केवढे आहेत ते बघावं. रात्री टॉर्च मारली, की झिंग्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. धरणाच्या वरच्या डोहात सगळे डोळे मोठ्याच झिंग्यांचे असतील आणि कडेच्या उथळ पाण्यात नखाएवढं एकही पिल्लू हलत नसेल, तर त्या डोहात नवीन कुणी येणं थांबलेलं आहे.